शेत नसलेल्यांची येळवस

आंबील उन्हात ठेवू नये.

*

बॅनरवर नारळाची झाडं होती.

*

उदगीरला भांड्यांचं एक मोठं दुकान आहे. तिथं गल्ल्याच्या उजव्या हाताला एक खुर्ची आहे. तिच्यावर कोणी बसत नाही. मागच्या दसऱ्याला तिला नवी गादी शिवली.

*

"शेतात संडास हाय का?" असं हदगावच्या बालाजीरावांनी फोनवर विचारलं तेव्हा मी गॅस एजन्सीच्या रांगेत उभा होतो. "बघून सांगतो," एवढंच माझ्या तोंडून निघालं. रांगेतल्या माणसांनी माझ्याकडं वळून पाहिलं.

*

लातूरला वर्षात एक दिवस असा येतो, की खिशात पैसे असून चहा मिळत नाही.

*

हे सगळे एकाच गोष्टीचे तुकडे आहेत. जोडायला शेवटच्यापासून घेतो, कारण धंद्याचा किडा माझ्या डोक्यात तिथूनच शिरला.

तो दिवस येळवशीचा. पंचांगात तिला वेळा अमावस्या म्हणतात. पंचांगाशिवाय कोणी तसं म्हणत नाही. मार्गशीर्ष संपत आलेला असतो, रानात ज्वारी, हरभरा, तूर उभी असते, आणि त्या दिवशी सगळं लातूर शेतात जातं. सगळं म्हणजे सगळं. डॉक्टर जातात, वकील जातात, आणि ज्या दोन भावांचे खटले ते वकील चालवतात ते भाऊही एकाच बांधाच्या दोन बाजूंना जेवायला बसतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, आंबील शिंपडत पिकाला फेरा मारायचा, आणि मग हलता येणार नाही इतकं जेवायचं. भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, आंबील, खीर, तिळाच्या पोळ्या. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. रानात त्या आठवड्यात जे जे हिरवं आणि सोलता येण्यासारखं असतं ते सगळं एका पातेल्यात शिजवलं, की भज्जी होते.

त्या दिवशी शहरात मागं राहतात ती कुत्री, बंदोबस्ताचे पोलीस आणि बाहेरगावचे.

बाहेरगावचे हेच माझं गिऱ्हाईक. मुलांना डॉक्टर करायला आईबाप त्यांना लातूरला क्लासला आणतात. कोणी हदगावहून येतं, कोणी मुदखेडहून, कोणी थेट माहूरच्या डोंगरावरून. काहींच्या आया इथंच खोली करून राहतात. बाकीच्यांना डबा लागतो. तो डबा आम्ही देतो. महादेवी, म्हणजे माझी बायको, स्वयंपाक करते. मी डबे पोचवतो, आणि पाटीवर 'प्रोप्रायटर' म्हणून माझं नाव आहे. या वाटणीवर तिचं स्वतंत्र मत आहे. ते इथं घेत नाही.

*

खुर्चीचं सांगतो.

ते दुकान माझ्या सासऱ्यांचं, रेवणप्पांचं. मी त्यांना मामा म्हणतो. डब्याच्या आधी मी पाण्याच्या जारची एजन्सी घेतली होती, त्याच्या आधी झेरॉक्सचं मशीन. दोन्ही बसले. मामा एकदाही रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "जावईबापू, एकदा बसला तर नशीब. दोनदा बसला तर बाजार. तिसऱ्यांदा बसला तर मग तो धंदा नव्हं, सवय हाय."

डब्याचंही बरं चाललेलं नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक चकचकीत खानावळ निघाली होती. तिथं ताटाला कप्पे होते आणि भिंतीवर टीव्ही. आमचे डबे एकेक करून तिकडं सरकायला लागले. तेव्हा ठरलं, की गुढीपाडव्यापर्यंत बघायचं. जम बसला तर ठीक, नाहीतर मी पाटी उतरवून उदगीरला त्या खुर्चीवर जाऊन बसायचं. मामांनी हे फार मायेनं सांगितलं. खुर्ची पंख्याखाली आहे, उन्हाळ्यात त्रास नाही, हेही सांगितलं.

खुर्ची खरोखर चांगली आहे. मी एकदा कोणी नसताना बसून पाहिली होती. बसल्यावर समोर कुकर दिसतात, आणि कुकरांमध्ये आपण दिसतो. सगळ्या कुकरांमध्ये, पोट फुगलेले.

त्यानंतर मी ठरवलं, की डोक्यात पडून असलेली कल्पना यंदा बाहेर काढायची.

*

आदल्या येळवशीला बालाजीरावांचा फोन आला होता. हे हदगावचे. कापूस आणि सोयाबीनचा माणूस, मुलगी इथं क्लासला. "उमाशंकरभाऊ, पोरगी सकाळपासून बिस्किटं खाऊन राहिली. आम्ही दोघं मुक्कामाला आलो तर सगळं बंद. हे शहर हाय का काय हाय? चहा बी नाही."

मी तेव्हा माझा शाळेतला मित्र भागवत याच्या शेतात दुसरी वाटी खीर घेत होतो. मला वाईट वाटलं. पण खीर संपल्यावर कल्पना सुचली.

ज्यांना शेत नाही, पाहुणे नाहीत, ओळख नाही, अशांची येळवस आपण करायची. गाडी आपली, जेवण आपलं, शेत भागवतचं. चाकूरच्या पुढं, नांदेड रस्त्याला लागूनच आहे. एकदा लोकांनी हे पाहिलं, की डबेही परत येतील. चकचकीत खानावळीला कप्पे असतील, पण कोप कुठून आणणार?

महादेवीला सांगितलं. ती मटार सोलत होती. सोलतच राहिली.

"येळवस विकायची असती का?"

"विकायची नाही. व्यवस्था करायची."

"व्यवस्थेचे पैसे घ्यायलाव ना?"

"थोडे."

"मग विकायलाव."

*

शेजारी सिद्रामप्पा राहतात. आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेत, त्यामुळं धंद्याबद्दल त्यांना सगळं माहीत आहे. संध्याकाळी गेटात खुर्ची टाकून बसतात आणि जाणाऱ्याला अडवतात.

"बस. धंद्याला तीन गोष्टी लागतात. एक, तोंडात साखर. दोन, डोक्यावर बर्फ. आणि तिसरी..." त्यांचा फोन वाजला. जावयाचा होता. तो लांबला, मी उठलो.

पुढच्या आठवड्यात परत अडवलं. परत साखरेपासून सुरू केलं. बर्फापर्यंत आले आणि दूधवाला आला. दुधात पाणी असल्याचा विषय निघाला आणि तिसरी गोष्ट तशीच राहिली. मला ती आजतागायत कळलेली नाही. माझा धंदा पहिल्या दोन गोष्टींवर चालू आहे.

*

काम रीतसर करायचं म्हणून परवानगी काढायला एका कार्यालयात गेलो. कोणतं ते सांगत नाही, कारण तिथली माणसं फार चांगली होती आणि तीच अडचण झाली.

"हॉटेल?" टेबलामागच्या बाबूंनी विचारलं.

"नाही."

"मंगल कार्यालय?"

"नाही."

"यात्रेतला स्टॉल?"

"नाही. येळवस आहे. शेतात माणसं नेऊन जेवू घालायची आहेत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "येळवशीला शेतात जेवायची परवानगी?"

मग त्यांनी पलीकडच्या टेबलावरच्यांना बोलावलं, "इकडं या, हे काय म्हणायलेत ऐका." तेही आले. त्यांच्यामागून आणखी दोघं. शेवटी आतले साहेब चहाचा कप घेऊनच बाहेर आले. सगळं ऐकून त्यांनी फार हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला शेत न्हाई का?"

"नाही."

माझं काहीतरी गेलं आहे आणि मला अजून कोणी कळवलेलं नाही, अशा नजरेनं सगळे माझ्याकडं बघत होते. लातूर जिल्ह्यात माणसाला घर नसलं तर लोक भाडं विचारतात. शेत नसलं तर तब्येत विचारतात.

"अर्ज राहू द्या," बाबू म्हणाले. "त्या दिवशी आमच्या शेतात या. वहिनींना, लेकरांना घेऊन या."

"त्यांच्याकडं कशाला, आमचं रान रस्त्याला हाय," दुसरे म्हणाले. यावरून त्यांच्यात थोडं वाजलंही.

मी परवानगी न घेता, पण तीन आमंत्रणं घेऊन बाहेर पडलो. मला मुलं नाहीत हे सांगायचं राहिलं. नाहीतर ते रडलेच असते.

बॅनरवाल्याचंही तेच. त्यानं भाताच्या खाचरामागं नारळाची रांग लावली होती. मी म्हटलं, "हे कुठलं शेत?" तो म्हणाला, "सर, शेत शोधलं की हेच येतंय. आणि खरं शेत बघायचं तर येळवशीला आमच्याकडं या की."

भागवतला मी बालाजीरावांच्या संडासाचं सांगितलं आणि जागेचं भाडं विचारलं. त्यानं मला ते परत सांगायला लावलं. मग म्हणाला, "रान भाड्यानं मागायलास? येळवशीला?" आणि फोन ठेवला. नंतर चार दिवस उचलला नाही. पाचव्या दिवशी त्याचाच आला. "संडासाचं कोण विचारत होतं? पत्रे आणलेत म्हणून सांग."

*

गाडीचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

येळवशीला ड्रायव्हर मिळणं म्हणजे लग्नाच्या मांडवात नवरदेव भाड्यानं मिळण्यासारखं आहे. प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या शेतात लागतो. सगळ्या गाडीवाल्यांनी नकार दिला. प्रत्येक नकारासोबत एकेक आमंत्रण मिळालं. शेवटी गुरुबसप्पा तयार झाला. त्याची टेम्पो ट्रॅव्हलर होती, वागायला सज्जन, कपाळाला विभूती, गाडी पुसलेली.

"येतो की. माझी बहीण त्याच रस्त्याला दिलीय," तो म्हणाला. "वाटेत थोडं थांबलं तर चालंल ना?"

"थोडं चालेल," मी म्हणालो.

मला वाटलं, बरंच झालं, रस्ता माहितीचा आहे. मी इथलाच, जन्म इथला, आणि आयुष्यभर येळवशीला कोणाच्या तरी शेतात जेवलो. पण भरलेली गाडी येळवशीच्या दिवशी त्या रस्त्यानं पाठवणं म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पुण्यामुंबईच्या माणसाकडून ही चूक झाली असती, तर त्याला माफी होती.

*

येळवस.

महादेवी आणि भागवतची आई यांनी मिळून जे केलं होतं ते पाहून मला स्वतःचा अभिमान वाटला. भज्जीच्या पातेल्याला दोघांनी उचलावं लागत होतं. उंड्यांच्या राशी होत्या. आंबिलीचं मडकं घोंगड्यात गुंडाळून कोपीच्या सावलीत ठेवलं होतं. ताटं कमी पडली तर असू द्यावेत म्हणून महादेवीनं घरातले सगळे रिकामे डबेही आणले होते. प्रत्येकावर आमच्या खानावळीचं नाव आणि माझा नंबर. भागवतनं पत्र्याच्या संडासाला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. पूजा झाली, फेरा झाला, बसायच्या पट्ट्या अंथरल्या. फक्त गिऱ्हाईक यायचं होतं.

"बालाजीराव, कुठपर्यंत आलात?"

"निघालो हो भाऊ. गुरुबसप्पांच्या बहिणीचं शेत लागलं. पाणी पिऊन निघून राहिलो."

मी भागवतला सांगितलं, पाणी पिऊन निघतायत. त्यानं आंबिलीचं मडकं सरकलेल्या सावलीत ओढलं.

"कुठपर्यंत?"

"तिथंच हाव. पाण्यासंगं थोडं दिलं त्यांनी."

"थोडं म्हणजे?"

"भज्जी, उंडे अन् खीर."

मडकं परत सरकवलं.

"निघालात का?"

"हाव, निघालोच होतो. पण बहिणीच्या शेजारचे म्हणून राहिले, त्यांच्याकडं जेवलात अन् आमच्याकडं नाही, मग आमच्या भज्जीत काय वाईट हाय? बरोबर हाय ना त्यांचं?"

बरोबरच होतं. "गुरुबसप्पाला फोन द्या."

"ते जेवून राहिले."

त्यानंतरचा फोन त्यांच्या मुलीनं उचलला. "पप्पा झोपलेत."

"गाडीत?"

"नाही काका, कडब्यावर."

*

त्या वेळात मामा आले. उदगीरहून नळेगावमार्गे, पांढरी गाडी, आणि दुपारचं ऊन एवढं छान असताना सगळ्या काचा वर केलेल्या. मला ते जरा लागलं. येळवशीच्या रानातून माणसानं काचा लावून यावं, एवढं काय. पण सासऱ्याला काचेबद्दल कोण बोलणार.

"शरणार्थी, मामा," मी नमस्कार केला.

"शरणार्थी." त्यांनी पातेलं पाहिलं, उंडे पाहिले, रिकाम्या पट्ट्या पाहिल्या. भांड्यांचा व्यापारी, त्यामुळं पातेलं जरा जास्त वेळ पाहिलं. "गिऱ्हाईक?"

"येतायत. वाटेत आहेत."

"अप्पा, वाढू का तुम्हाला?" महादेवीनं विचारलं.

"गिऱ्हाईक जेवल्याबिगर न्हाई."

ते कोपीशेजारी पोत्यावर बसले. मी त्यांच्या समोर उभा राहिलो, कारण बसलो असतो तर शेजारी शेजारी बसल्यासारखं झालं असतं आणि मला ते उदगीरसारखं वाटलं असतं. दोघंही रस्त्याकडं बघत होतो. महादेवीनं पातेल्यावर झाकण ठेवलं, थोड्या वेळानं काढलं, पुन्हा ठेवलं. भागवतच्या आईनं विचारलं, "तुमची माणसं हायत ना नक्की?" आहेत म्हणालो. आवाज माझाच होता, पण पटला नाही.

पाडवा लांब होता. पण मला तो त्या रस्त्यावरून येताना दिसत होता.

*

गाडी आली तेव्हा ऊन कललं होतं.

दार उघडलं आणि आधी कोणीच उतरलं नाही. मग गुरुबसप्पा उतरला आणि माझ्याकडं न बघता चाकं तपासायला लागला. मग एकेक करून बाकीचे उतरले, बाळंतीण उतरावी तसे, दाराला धरून. मुलांच्या खिशात हरभऱ्याचे घाटे होते. एका बाईच्या पदरात बोरं. बालाजीरावांच्या केसात कडबा.

"उमाशंकरभाऊ," त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मानलं तुम्हाला."

मी पातेल्याकडं हात केला. "बसा ना. वाढतो."

"जागा नाही हो भाऊ. श्वास बी वरच्यावर घेऊन राहिलो." मग त्यांचं लक्ष मामांकडं गेलं. "हे कोण?"

"माझे सासरे."

"नमस्कार. तुमच्या जावयानं कमाल करून ठेवली. आम्हाला वाटलं एका शेतात नेतील, पत्रावळ देतील, झालं. यांनी रस्ताभर माणसं उभी केलेली. प्रत्येक शेतात वेगळी भज्जी. गाडी दिसली का माणूस बांधावर हजर, हातात वाडगं. एवढं नियोजन मी आमच्या मार्केट यार्डात पाहिलं नाही."

माहूरच्या शिल्पाताई पुढं आल्या. देवीच्या पायथ्याशी त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान, मुलासाठी इथं खोली करून राहिलेल्या. "दुसऱ्या शेतातली जरा तिखट होती. पण त्याच्या पुढच्या शेतातली खीर, काय सांगू. तुमची माणसं फार नम्र हायत हो. आमच्याकडं एवढे भाविक येतात, पण अशी सेवा न्हाई."

तेव्हा कुठं मला कळलं. वाटेतली सगळी शेतं माझ्या पॅकेजमधली आहेत, असं या लोकांना वाटत होतं.

मी मामांकडं पाहिलं. नव्या कुकरचा माल उतरताना त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते आलं होतं. माझ्याकडं बघून ते यापूर्वी कधी आलं नव्हतं.

गप्प राहणं सोपं होतं. मी थोडा वेळ राहिलोही. पुढच्या वर्षी दोन गाड्या दिसल्या. तीन दिसल्या. रस्ता तोच, शेतं तीच, माझा खर्च फक्त डिझेलचा. मग पातेल्याशेजारी महादेवी दिसली. ती पातेल्यावर परत झाकण ठेवत होती. पण "मग विकायलाव" हे वाक्य परत ऐकू आलं, आणि या वेळी ते माझ्या भज्जीबद्दल नव्हतं.

"बालाजीराव, ती शेतं माझी नाहीत."

"म्हणजे भाड्यानं घेतली."

"नाही. ती माणसं मला माहीत नाहीत. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही."

"मग ते कोण होते?"

"ज्यांची शेतं, ते."

"मग आम्हाला का जेवू घातलं?"

"तुम्ही रस्त्यानं चालला होता म्हणून."

पत्र्याच्या संडासाचं तोरण तेवढं वाऱ्यानं वाजत होतं. शिल्पाताई पट्टीवर हळूच बसल्या.

"मी त्या म्हाताऱ्या बाबांना म्हटलं, हात धुवायला जरा गरम पाणी आणा."

"मग?"

"आणलं त्यांनी. चूल पेटवून."

बालाजीरावांनी केसातला कडबा काढला. "मी एकाला म्हणालो, जमिनीवर बसायला त्रास होतो, पुढच्या वर्षी खुर्च्या ठेवा."

"काय म्हणाले ते?"

"ठेवतो म्हणाले."

*

गुरुबसप्पा चाकाजवळून म्हणाला, "पैसे द्यायला जाऊ नका. माझ्या बहिणीचा नवरा मारंल."

"मग काय करायचं?" शिल्पाताई म्हणाल्या. "मला तसं झोप यायची न्हाई."

महादेवी उठली. तिनं डब्यांचं पोतं ओढलं आणि भज्जी भरायला लागली. "येळवशीला भज्जी देता-घेता येती," ती म्हणाली. "आमची त्यांच्याकडं, त्यांची आमच्याकडं. परत जाताना सगळीकडं द्या. म्हणावं, आमच्या शेतातली हाय, चव बघा. गरम पाण्याचं काही बोलू नका, त्यांनी मनाला लावून घेतलं न्हाई."

"आमच्या शेतातली?" मी विचारलं.

"भागवतभावजींच्या. आज तेच आपलं."

मग सगळे कामाला लागले. मुदखेडच्या बायांनी उंडे भरले, बालाजीरावांनी झाकणं लावली, त्यांच्या मुलीनं डबे गाडीत रचले. आमच्याकडं जेवायला आलेली माणसं आमच्याकडं न जेवता आमचं जेवण पोचवायला निघाली. गाडी वळताना गुरुबसप्पा म्हणाला, "परत खायला लावतेत बघा आता." मागच्या सीटवरून कोणीतरी कण्हल्याचा आवाज आला.

धूळ खाली बसली. पट्ट्यांवर कोणी नव्हतं.

"वाढा आता," मामा म्हणाले.

"पण गिऱ्हाईक तर..."

"मी हाय की. भवानी झाल्याबिगर दुकान बंद करत न्हाईत."

ते लांबलचक पट्टीच्या मधोमध एकटे बसले. महादेवीनं वाढलं. मी वाढलं. भज्जी घेतली, परत घेतली, उंडा कुस्करून आंबिलीत घेतला, खीर घेतली, आणि परत भज्जीवर आले. घरून येळवस करून आलेला माणूस एवढं जेवतो हे पाहून मला सासऱ्यांच्या प्रकृतीबद्दल नव्यानं आदर वाटला. ते काहीच बोलले नाहीत. जेवण आवडलं की उदगीरकडं बोलत नाहीत, असं महादेवी म्हणते. हे खोटंही असू शकेल.

हात धुताना म्हणाले, "त्यांना खरं सांगितलं नसतं तर चाललं असतं."

"हो."

"पुढच्या वर्षी लई चाललं असतं." टॉवेलनं एकेक बोट पुसलं. "जावईबापू, पाडव्याला येऊ नका. दुकानात गर्दी असती. नंतर या. पाहुणे म्हणून या, दोन दिवस राहा."

गाडीत बसले, काचा खाली केल्या आणि गेले.

*

आमच्या भागात शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. हे मला माहीत होतं, पण डब्यांचं मी विसरूनच गेलो होतो. त्या गडबडीत किती दिले हेही कोणी पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी पहिला डबा आला. आत सोललेली तूर होती. आणणारा माणूस दारात उभा राहून म्हणाला, "हे तुमचंच का? वर नंबर हाय म्हणून सापडलं." चहा घेतला. मग निघता निघता म्हणाला, "आमची पोरगी हितंच क्लासला हाय. कप्प्याच्या ताटात जेवती, पण तिला ते गोड लागंना. तिला डबा लावता का?"

दुसरा डबा हुरड्याचा आला. एकात गूळ. एकात नुसती हिरवी मिरची, त्यावर चिठ्ठी नव्हती, पण तो दुसऱ्या शेतातलाच असणार. ज्याला बालाजीरावांनी खुर्च्या सांगितल्या होत्या तो माणूसही आला. त्यानं बालाजीरावांचा पत्ता विचारला. खुर्च्या कशा पाहिजेत, हात असलेल्या की नसलेल्या, हे त्याला विचारायचं होतं. मी फोन लावून दिला. दोघं सोयाबीनच्या भावावर बराच वेळ बोलले. त्याच्या पुतण्याचा डबाही आमच्याकडं लागला.

पुढच्या येळवशीला खानावळ बंद ठेवली. शेत नसलेल्यांसाठी नवीन काही काढलं नाही. बालाजीरावांनी त्यांच्या त्यांच्या ओळखीनं जायचं ठरवलं होतं, आणि बाकीच्यांनाही आता ज्याचं त्याचं शेत झालं होतं. ताटाला कप्पे असलेली खानावळ अजून आहे. टीव्हीही चालू असतो. आमची पाटी मी नव्यानं रंगवली. 'प्रोप्रायटर' खाली आता दोन नावं आहेत. महादेवीचं वर आहे. या क्रमावर माझं स्वतंत्र मत आहे.

*

आमच्या पट्ट्या रिकाम्या राहिल्या त्या येळवशीला सकाळी रेवणप्पांनी उदगीरच्या आपल्या शेतात पूजा केली, गड्यांसकट सगळ्यांना जेवू घातलं, आणि स्वतः न जेवता, काचा वर करून गाडी काढली.